रिमार्कचा रकाना

विश्वास मोघे कारखान्याच्या गुणवत्ता विभागात सत्तावीस वर्षे नोकरी करीत होता, आणि त्या सत्तावीस वर्षांत केवळ चांगली दिसते म्हणून त्याने एकही वस्तू पास केली नव्हती. त्यामुळे मुलीने पुण्याची नोकरी सोडली, वर्षभर घरी बसून एक गेम बनवला आणि तो चांगला झाला आहे असे सांगितले, तेव्हा कारखान्यात जे केले असते तेच त्याने घरातही केले. त्याने चाचणी ठरवली.

चाचणीची कलमे त्याने एका कागदावर लिहून आईसमोर ठेवली, कारण हिंदी मुलुखातल्या कारखान्याच्या वसाहतीत, बरखेड्याच्या त्या क्वार्टरमध्ये वैजयंतीबाईंच्या सहीवाचून कोणत्याही कागदाला किंमत नसे. नात्यात नसलेली दहा माणसे बोलवायची. प्रत्येकाने गेम एकदा शेवटपर्यंत खेळायचा. खेळ संपला की पडद्यावर ‘पुन्हा’ असे बटण येते. कुणी न सांगता, न सुचवता ते बटण आपणहून दाबणारी माणसे मोजायची. दहांत सात निघाली, तर ऋजुताने आणखी एक वर्ष हेच काम करावे, वडील एका शब्दाने आड येणार नाहीत. सात निघाली नाहीत, तर पुण्याच्या कंपनीने परत बोलावण्याचे जे पत्र पाठवले होते त्याला होकार कळवावा आणि एक मेला तिथे हजर व्हावे. पहिला दहा जणांचा नमुना नापास झाला तर दुसरा एक काढता येईल. तिसरा नाही. कारखान्यातही असेच असते.

वैजयंतीबाईंनी कागद दोनदा वाचला, ‘न सुचवता’ या शब्दांखाली रेघ ओढली आणि सही केली. वय शहात्तर, पण सहीत कंप नव्हता. त्यांनी चौतीस वर्षे कारखान्याच्या प्लॅनिंगमध्ये काढली होती. कोणते काम कोणत्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या कोणत्या विभागात, कोणाच्या हाती कधी जाणार, याची कार्डे त्यांच्या टेबलावरून निघत, आणि निवृत्त झालेले मोठमोठे अधिकारी अजूनही भाजीबाजारात त्यांना पाहून पिशवी खाली ठेवून नमस्कार करीत.

सही केली याचा अर्थ त्यांना तो गेम पसंत होता असा मात्र नव्हे. ऋजुताने त्यांना सगळे समजावून सांगितले होते. हा एकट्याने खेळायचा खेळ. आपण बदली होऊन एका वसाहतीत येतो, आपल्याला क्वार्टर मिळते, शेजारी मिळतात, आणि पुढे काय होणार हे आधी कुणी ठरवलेले नसते. आपण जसे वागू त्याप्रमाणे यंत्र एकेक प्रसंग निवडते आणि गोष्ट जुळवत नेते. म्हणून प्रत्येक वेळी गोष्ट नवी. इथे वैजयंतीबाईंनी तिला थांबवले होते.

“ही गोष्ट लिहिली कुणी?”

“प्रसंग मी लिहिलेत, आजी. गोष्ट मशीन बनवतं. हर बार नई.”

“मग ती गोष्ट नव्हे. तो पिसलेला पत्त्यांचा जोड आहे.”

ऋजुता हसली होती. ती पंचवीस वर्षांची होती आणि आजीच्या अशा बोलण्याची तिला जन्मापासून सवय होती. तरी ते बोलणे तिला लागले होते, आणि तिला लागले आहे हे वैजयंतीबाईंनी पाहिले होते.

पहिला नमुना मार्चच्या शेवटच्या रविवारी काढला. मराठी मंडळाची फोनची यादी घेऊन विश्वासने दर आठवे नाव निवडले, म्हणजे आपल्या सोयीची माणसे बोलावली असे कुणी म्हणू नये. दहा माणसे आली, खेळली, चहा पिऊन गेली. ‘पुन्हा’ दाबणारी तीन निघाली. इंद्रपुरीतले एक निवृत्त फिटर, मनाने अगदी सरळ, दारात चपला घालता घालता ऋजुताला म्हणाले की बेटा, सगळं नवं आहे, पण झालं काहीच नाही.

ऋजुता रडली नाही. तिने सगळ्यांबरोबर बसून जेवण केले, आईला भांडी उचलू लागली, आणि मग माळ्यावरची मोठी बॅग कुणी खाली काढून देईल का, असे सहज विचारल्यासारखे विचारले. वैजयंतीबाईंचा हात ताटावरच थांबला. ही मुलगी घरी परत आल्यापासून सकाळचा चहा त्यांनी एकटीने घेतला नव्हता. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती आणि सांगणारही नव्हत्या. बॅग कुणी काढायची नाही, एवढेच त्या म्हणाल्या. कागदावर दुसरा नमुना लिहिलेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता, आंघोळ आणि पूजा उरकून, त्या ऋजुताच्या टेबलाशी बसल्या आणि यंत्र सुरू करायला सांगितले. चष्मा पुसला. माउस कसा धरायचा ते एकदा विचारले. दुसऱ्यांदा विचारले नाही. दुपारी एकपर्यंत त्या पाच वेळा खेळल्या, आणि प्रत्येक गोष्ट संपली की पाठकोऱ्या कागदावर दोन-तीन ओळी लिहीत गेल्या.

पहिल्या गोष्टीत शेजारच्या लेल्यांनी शिडी मागून नेली, मोडून आणली, वर तिच्यावरून कडाक्याचे भांडण केले, आणि दुसऱ्या दिवशी तेच लेले हसतमुखाने सत्यनारायणाचे आमंत्रण घेऊन दारात उभे. तिसऱ्या गोष्टीत समोरच्या घरातल्या मुलीचे ठरलेले लग्न मोडले आणि तिची आई चौथ्या दिवशी मजेत पापड वाळत घालत होती. पाचव्या गोष्टीत स्वतः वैजयंतीबाईंनी एका शेजाऱ्याचा खोटेपणा उघडा पाडला होता, तर तोच शेजारी पुढच्या पानावर त्यांना जिवाभावाचा मित्र म्हणून हाक मारत होता.

“तुझ्या वसाहतीत,” त्या चष्मा काढून म्हणाल्या, “कुणाला काही आठवतच नाही.”

ऋजुता बचाव करू लागली. यात दोन लाखांहून अधिक वेगवेगळ्या गोष्टी तयार होऊ शकतात, असे तिने सांगितले. वैजयंतीबाईंनी विचारले की दोन लाख गोष्टी हव्या आहेत कुणाला? माणसाला एक पुरते. पण ती त्याच्यामुळे घडली असे त्याला वाटले पाहिजे. मग त्यांनी विचारले, यंत्र प्रसंग निवडते ते कोणत्या हिशोबाने?

ऋजुताने एक कोरा कागद ओढला आणि त्यावर एक चौकोन काढला. हा एक प्रसंग. त्याच्या वर लिहायचे की हा घडायला कोण माणसे लागतात आणि आधी काय घडून गेलेले असावे लागते. मध्ये प्रसंग. खाली लिहायचे की हा घडल्यावर काय बदलते. असे तीनशे चौकोन. यंत्र बघते, आत्ता कोणकोणते चौकोन बसू शकतात, आणि त्यांतला एक उचलते.

वैजयंतीबाई त्या चौकोनाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि एक लांबट लाकडी खण दोन्ही हातांनी उचलून घेऊन आल्या. कार्यालयातले जुने सामान निकालात निघाले तेव्हा रीतसर अर्ज करून त्यांनी तो मिळवला होता. खणात उभी लावलेली कार्डे होती, तीनशेच्या वर, कडा पिवळ्या पडलेली. त्यांनी मधलेच एक काढून ऋजुताच्या चौकोनाशेजारी ठेवले. वर लिहिले होते: ‘कोण हवे’. त्याखाली: ‘आधी काय झालेले हवे’. मध्ये सात-आठ ओळींचा प्रसंग. तळाशी: ‘यानंतर काय बदलते’.

“आजी,” ऋजुता म्हणाली, “हे तर सेम माझ्यासारखं आहे.”

“तुझं माझ्यासारखं आहे. मी हे पंचाहत्तर साली सुरू केलं.”

मग त्यांनी जे सांगितले ते ऋजुताला घरात राहूनही कधी कळले नव्हते, कारण ती जन्मण्याआधीच ते बंद पडले होते. वसाहतीतल्या गणेशोत्सवात मंडळ तीन दिवस नाटक करी. नट बहुतेक सगळे कारखान्यातले, आणि कारखाना तीन पाळ्यांत चालणारा. नायकाची अचानक रात्रपाळी लागे, खलनायकाला मशीन बंद पडले म्हणून ऐन मेकअपमधून बोलावणे येई. दोन वर्षे असे फजितवाडे झाल्यावर वैजयंतीबाईंनी अध्यक्षांना सांगितले की पुण्यामुंबईहून छापील नाटके मागवणे थांबवा. जिथे माणसाचा भरवसा नाही तिथे काम कसे लावायचे, हे प्लॅनिंगवाल्याला ठाऊक असते. त्यांनी एक वसाहत कल्पिली, तिच्यातली माणसे कल्पिली, आणि प्रसंग सुटे सुटे कार्डांवर लिहिले. उत्सवाच्या दिवशी दुपारी पहिली पाळी सुटली की कोण आले, कोण अडकले याची यादी त्यांच्या हाती येई. जेवणाच्या टेबलावर त्या कार्डे मांडत, आणि संध्याकाळी सहाला त्या दिवसाचे नाटक तयार असे. माणसे तीच, पण तीन दिवशी तीन नाटके. एकवीस वर्षे हे चालले. मग घरोघरी केबल टीव्ही आला आणि माणसे घरी बसू लागली.

“म्हणजे पिसलेला पत्त्यांचा जोड,” ऋजुता हळूच म्हणाली.

वैजयंतीबाईंनी तिच्याकडे पाहिले आणि त्या चक्क हसल्या. मग त्यांनी कार्डाच्या अगदी तळाशी बोट ठेवले. तिथे बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, आणि ती ऋजुताच्या चौकोनात नव्हती: ‘कोणाच्या मनात काय राहिले’.

पहिल्या वर्षी ही ओळ त्यांच्याही कार्डावर नव्हती. तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या नाटकात आदल्या अंकात अपमान झालेला भाऊ हसत हसत जेवायला बसला, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने विचारले की काय हो, सकाळचं विसरलात वाटतं. सगळा मांडव हसला. त्यानंतर वैजयंतीबाईंनी नियमच केला. प्रसंग कितीही लहान असो, त्यातून निदान एका माणसाच्या मनात काहीतरी राहिले पाहिजे, आणि जे राहिले ते पुढे कोणत्या तरी कार्डावर बाहेर पडले पाहिजे. मोडकी शिडी परत आली हे लिहून भागत नाही. लेल्यांना ती मोडल्याची लाज वाटली आणि लाज लपवायला ते भांडले, हे लिहिले की मग सत्यनारायणाचे आमंत्रण येते तेव्हा त्याचा अर्थ खेळणाऱ्यालाच लागतो.

त्यानंतरचे तीन आठवडे त्या घरात दुसरे बोलणे नव्हते. सकाळी नऊ ते एक वैजयंतीबाई सांगत आणि ऋजुता टाइप करी. जुन्या कार्डांतले रॉकेलच्या रांगेचे प्रसंग गेले, पार्किंगच्या जागेचे आले. ट्रंक-कॉलच्या जागी व्हिडिओ कॉल आला. मनात राहणाऱ्या गोष्टी मात्र फारशा बदलाव्या लागल्या नाहीत. एक ते चार वैजयंतीबाई विश्रांती घेत, आणि त्या वेळेत ऋजुता कार्डांचे फोटो काढून बाकीचा मजकूर यंत्रात भरत बसे. संध्याकाळी कामावरून आलेला विश्वास दाराशी थांबून दोघींकडे पाही आणि काही न विचारता आत जाई. त्याने नमुन्याविषयी बोलायचे नाही असे ठरवले होते आणि तो ते पाळत होता.

दुसऱ्या नमुन्याची नावे पुन्हा यादीतून, या वेळी दर सहावे नाव घेऊन, काढली. दहावे नाव निघाले ते मिसरोदच्या गद्रे आजींचे.

एप्रिलमधल्या त्या रविवारी सकाळी दहापासून माणसे येऊ लागली. खेळणारा पुढच्या खोलीत, बाकीची अंगणातल्या खुर्च्यांवर. विश्वास कागद घेऊन कोपऱ्यात बसला. वैजयंतीबाईंना खोलीत बसण्याची परवानगी होती, पण तोंड न उघडण्याच्या अटीवर, आणि ती अट त्यांनीच विश्वासला सुचवली होती.

पहिल्याच खेळाडूने, अशोका गार्डनमधल्या एका औषधाच्या दुकानदाराने, दहा मिनिटांतच खदखदून हसायला सुरुवात केली. वैजयंतीबाईंना आश्चर्य वाटले, कारण इतके हसण्यासारखे त्यांनी काही सांगितल्याचे आठवत नव्हते. त्या थोड्या पुढे झुकल्या. पडद्यावर प्रभाकर नावाचा एक शेजारी होता, आणि त्याला काहीही बोलायचे असले की तो आधी उठून दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहत होता. बसायला सांगितले की गप्प होत होता. चौकटीशी गेला की पुन्हा बोलत होता. दुकानदाराने मुद्दाम त्याला तीनदा बसवले.

वैजयंतीबाई सावकाश मागे टेकल्या. प्रभाकर खेर, क्रेन चालवणारा. स्टेजवर चौकट धरल्याशिवाय त्याला एक वाक्य आठवत नसे. हे त्यांनी लिहून ठेवले होते खरे, पण गोष्टीत नव्हे. ती कार्डे म्हणजे कारखान्याचे बाद झालेले छापील फॉर्म होते. कोऱ्या बाजूला प्रसंग होता आणि छापील बाजूला कामगाराचे नाव आणि रिमार्क असे रकाने. रिमार्कचा रकाना मोकळा सोडणे हा प्लॅनिंगमध्ये गुन्हा समजत. म्हणून प्रत्येक प्रयोगानंतर त्या नटाचे नाव घालून तो भरून टाकीत. पुढच्या वर्षी काम लावताना उपयोग होई. ती बाजू त्यांनी गेल्या तीस वर्षांत उलटून पाहिली नव्हती. ऋजुताने पाहिली होती. तिला ती गोष्टीतल्या पात्रांची टिपणे वाटली होती, आणि दुपारच्या वेळी तिने ती सगळी यंत्रात भरली होती.

मग त्यांना दुसरे नाव आठवले, आणि त्याच्यासमोर लिहिलेला रिमार्क आठवला, आणि त्यांचे लक्ष विश्वासच्या हातातल्या यादीकडे गेले.

अडीच वाजता सगळ्यांना पोहे दिले. तोवर आठ जण खेळले होते आणि सहांनी ‘पुन्हा’ दाबले होते. वैजयंतीबाईंनी ऋजुताला स्वयंपाकघरात बोलावले आणि मिसरोदच्या गद्रे आजींचे नाव काय, असे विचारले. ऋजुताला ते ठाऊक नव्हते. लहानपणापासून ती त्यांना गद्रे आजीच म्हणत आली होती.

“प्रमिला,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

ऋजुताला ते कार्ड आठवले. मग ती भराभरा बोलू लागली की तो रिमार्क काढून टाकायला पाच मिनिटेही लागणार नाहीत, बाबांना कळणारसुद्धा नाही. वैजयंतीबाईंनी क्षणभर विचार केला. अठ्ठेचाळीस वर्षांची मैत्री होती. वसाहतीतल्या जुन्या माणसांपैकी त्यांना वैजू म्हणणारी एकटी उरलेली बाई. दुसऱ्या बाजूला ही मुलगी आणि एक मे.

“चालू नमुन्याला हात लावायचा नाही,” त्या म्हणाल्या. “मी सही केली आहे.”

नवव्या माणसाने गेम संपवला, छान आहे म्हणाला आणि उठला. दहांपैकी नऊ झाली, सहा मिळाली. आता सगळे प्रमिलाताईंवर होते, आणि घरातल्या प्रत्येकाला ते माहीत होते, प्रमिलाताईंखेरीज.

प्रमिला गद्रे ग्वाल्हेरची. ती शाळेत शिकवायची आणि एकवीस वर्षांतली सोळा वर्षे मंडळाच्या नाटकाची नायिका होती. तिच्या मराठीत हिंदी माहेरूनच आली होती आणि तिने ती कधी घालवायचा प्रयत्न केला नाही. खुर्चीत बसता बसता ती म्हणाली की वैजू, इतकी गप्प का बैठी आहेस, तब्येत ठीक आहे ना. वैजयंतीबाईंनी मान हलवली.

ती सावकाश खेळली. दोनदा हसली, एकदा लेल्यांना चांगले सुनावले. मग समोरच्या क्वार्टरमधली प्रमिला गोष्टीत आली. त्या प्रमिलेच्या थोरल्या मुलाची दूर बदली झाली, सामानाचा ट्रक निघाला, शेजारीपाजारी जमले. पडद्यावर ओळ उमटली: ‘प्रमिला पाठ करून उभी राहते.’ खुर्चीतल्या प्रमिलाताईंनी ती ओळ पुटपुटत वाचली. पुढे त्या घरातले म्हातारे सासरे गेले. ‘प्रमिला पाठ करून उभी राहते.’ शेवटी खेळणाऱ्याचीच बदली झाली, निरोपाला सगळी वसाहत आली, आणि गर्दीच्या कडेला ती बाई तशीच, पाठमोरी. गोष्ट संपली. ‘पुन्हा’ हे बटण पडद्यावर आले.

प्रमिलाताईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“हे कुणी लिहिलं?”

ऋजुता तोंड उघडणार होती. यंत्र जुळवते, कुणी लिहिलेले नसते, असे सांगितले असते तर ते खोटेही ठरले नसते, आणि प्रमिलाताईंनी ते मानलेही असते. वैजयंतीबाईंनी नातीकडे एकदा पाहिले आणि तिला थांबवले. गोष्टीला लिहिणारे माणूस लागते, असे आपणच म्हणालो होतो.

“मी लिहिलं. सत्त्याहत्तर साली. हिला रडता येत नाही, दुःखाच्या प्रसंगी पाठ प्रेक्षकांकडे करून उभी करावी, असं. तुझ्या नावापुढे.”

विश्वासचे पेन थांबले. प्रमिलाताई खुर्चीतच मागे वळल्या.

“म्हणजे इतके साल तू मला म्हणून पाठमोरी उभी करत होतीस,” त्या म्हणाल्या. “मी समजायची, पाठीवरून पण अभिनय दिसतो, असं तुला वाटतं. मी घरी लोकांना सांगितलंय ते.”

“पाठीवरून चांगलाच दिसायचा.”

“गप्प बस, वैजू. मला रडता येत नव्हतं, हे कुणी सांगितलं तुला? पहिल्या रांगेत माझ्या सासूबाई बसायच्या, पानाचा डबा घेऊन. त्यांच्यासमोर मी घरात कभी रडले नाही, तर मांडवात कशाला रडू?”

 एकवीस वर्षे वैजयंतीबाईंनी त्या मांडवातल्या प्रत्येक माणसाच्या मनात काय राहिले ते लिहून ठेवले होते, आणि या एका बाईला विचारले नव्हते.

“मला सांगायचं होतंस,” त्या म्हणाल्या. “मी त्यांना मागच्या रांगेत बसवलं असतं.”

“माझ्या सासूबाईंना?”

“हो.”

प्रमिलाताईंनी त्यांच्याकडे पाहिले, आणि आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग पोट, आणि मग त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिल्या. हिने खरोखर बसवले असते, हे त्यांना पक्के माहीत होते. पदराने डोळे टिपून त्यांनी चष्मा परत लावला आणि पडद्याकडे वळल्या.

“पण ही बाई चांगली आहे हं,” त्या आपल्याशीच म्हणाल्या. “हिच्या मनात काय आहे, बघायला पाहिजे. मी लेल्यांच्याच मागे लागले.” आणि त्यांनी ‘पुन्हा’ दाबले.

 विश्वासने आपला कागद वर धरून कलमे पहिल्यापासून वाचली. मग त्याने आईला विचारले की मघाचे बोलणे सुचवण्यात धरायचे की नाही. वैजयंतीबाई म्हणाल्या की मी काय बोलले ते शब्दाला शब्द लिही आणि तूच ठरव. मी यात बोलणार नाही. विश्वासने खरोखरच ते लिहिले, सासूबाईंच्या मागच्या रांगेसकट. लिहिलेले दोनदा वाचले. त्यात बटण दाबण्याविषयी काहीही सापडले नाही. तेव्हा त्याने खाली ‘दहांत सात’ असा आकडा घातला, सही केली आणि कागद मुलीच्या हातात देऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. ऋजुता मग रडली, सगळ्यांसमोर आणि पाठ न करता. तिची आई सुलभा दारात उभी होती. ती म्हणाली की आता पुण्याला नकार कळवायला हवा. वैजयंतीबाईंनी तो तिथल्या तिथे सांगितला: नम्रपणे, दोन ओळींत, कारणे देत न बसता.

“ऋजुता,” खुर्चीतून प्रमिलाताईंची हाक आली, “समोरच्या क्वार्टरमध्ये कुणी भलतेच लोक आहेत. मी कुठं गेले?”

ऋजुताने नाक पुसत वाकून पाहिले. या वेळी यंत्राने वेगळे शेजारी काढले होते.

“तुम्ही या वेळी नाही आहात, आजी. तुमची आधीच बदली झालीय.”

“मला न विचारता?” प्रमिलाताईंनी खुर्ची पुढे ओढली. “मी पुन्हा येईपर्यंत खेळणार.”

एका माणसाने कितीही वेळा दाबले तरी ते एकच धरायचे असते, असे विश्वास सांगू लागला, पण कुणी ऐकत नव्हते. अंगणातले ते औषधांचे दुकानदार आपला दुसऱ्यांदा नंबर कधी येणार म्हणून दोनदा डोकावून गेले. संध्याकाळचे साडेपाच झाले होते. वैजयंतीबाईंनी सुलभाला सांगितले की कुकर लाव, प्रमिला इथेच जेवेल, आणि तिचे ताट टेबलावर मांडू नकोस, तिथे खुर्चीपाशीच नेऊन दे.